सुभेदार आबांचा शेरा

सुभेदार आबा मला आयुष्यात एकदाही घालूनपाडून बोलले नाहीत, याचा राग मला अजून आहे.

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं काहीतरी भलतंच. लोक मानासाठी रुसतात, ही अपमानासाठी रुसून बसली आहे. पण तुम्ही लढाईच्या दिवसांतली सांगली पाहिलेली नाही, आणि आमच्या हळदीच्या वखारीतलं ते टेबल तर नाहीच नाही. त्या टेबलापाशी आबांनी ज्याच्या खेळाची भर माणसांत लक्तरं काढली, तो दुसऱ्या दिवशी पेठेतून छाती काढून चालायचा. लोक त्याला अडवून विचारायचे, "काल शेरा मिळाला म्हणे तुम्हाला?" तो लाजत-मुरडत शेरा सांगायचा. ऐकणारा पोट धरून हसायचा आणि मनातून जळायचा.

खेळ होता बिलियर्डचा. आबा त्याला 'बिल्याड' म्हणत.

आबा आमचे शेजारी. फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले. उंच, काटक, आणि मिशा अशा की आधी त्या दारातून यायच्या, मग आबा. साताऱ्याकडच्या कुणा जहागीरदाराच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, तिथं आबा एक पितळी घंगाळ घ्यायला म्हणून गेले आणि दोन बैलगाड्या भरून हे टेबल घेऊन आले. खाली दगडी फरशी, वर हिरव्या लोकरी कापडाची बनात, कडेला सहा भोकं. आबांची बायको सोनाकाकू भाकरी थापायची सोडून बाहेर आली आणि गाडीकडं बघत राहिली.

"येवढा मोठा पलंग? आन् त्याला भोकं कशाला?"

"खेळाचं हाय त्ये."

"मला वाटलं मच्छरदानीच्या काठ्या रोवाया."

टेबल आबांच्या घरात मावेना. आमचे अण्णा हळदीचे आडते, आणि लढाईमुळं आमची मागची वखार अर्धी रिकामीच होती. टेबल तिथं गेलं. महिन्याभरात वखारीतल्या धुळीनं हिरवी बनात पिवळी पडली, आणि तीन चेंडूंतले दोन पांढरे इतके पिवळे झाले की कोणता कुणाचा यावर रोज भांडणं.

आता या खेळाचे आबांचे नियम. ते जगात दुसरीकडं कुठं नव्हते.

आबा फौजेत असताना संध्याकाळचा रिपोर्ट घेऊन गोऱ्या साहेबांच्या मेसवर जायचे. आत जायची परवानगी नव्हती. साहेब आत खेळत असायचे आणि रिपोर्ट वाचून होईपर्यंत आबा व्हरांड्यात ताठ उभे. खिडकी उंच. आतलं काही दिसायचं नाही, दिसलीच तर एखादी डुलणारी काठी. ऐकू मात्र सगळं यायचं. चेंडूवर चेंडू आपटल्याचा 'टक्' आवाज. मग कुणीतरी काहीतरी कुजकट बोलायचं. मग हशा. मग दुसऱ्याची पाळी. टक्, कुजकं बोलणं, हशा, पाळी. वर्षानुवर्षं हेच ऐकून आबांनी ठरवलं, हाच नियम. चेंडू भोकात गेला तर खेळत राहायचं. चुकला तर त्या चुकीवर कुणीतरी शेरा मारायचा. शेरा मिळाल्याशिवाय डाव उतरत नाही आणि दुसऱ्याची पाळी येत नाही.

नाना वकील पुण्याच्या क्लबात जाऊन आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "आबा, असा काही नियम नाही हो."

"तुमी किती वरसं ऐकलाय खेळ?"

"ऐकला नाही, पाहिलाय."

"मंग बसा खाली."

नाना वकील बसले. पुढं तेच सर्वांत नेमानं येऊ लागले. शेरा मारायचा मान अर्थात आबांचा. आई-बहिणीवरून बोलणं त्यांच्या तोंडात नव्हतं, आणि माणसाच्या जातीपातीवर, व्यंगावर ते कधी गेले नाहीत. बोलायचं ते फक्त खेळावर. पण त्या एवढ्याशा जागेत त्यांची जीभ जे काय करायची!

नाना वकील काठी मुठीत आवळून धरायचे. आबा ओरडायचे, "हाल्ट! वकीलसाहेब, ती काठी हाय, साक्षीदार न्हवं. जरा सैल सोडा, आपसूक खरं बोलंल."

दस्तगीरमामू बांगड्या भरणारे. त्यांचा हात इतका हलका की चेंडू अर्ध्या वाटेत दमून थांबायचा. "मामू, टेबलाला बांगड्या भरताय व्हय? दुखंल म्हनून फुंकर बी घाला की." मामू खुशीत दाढी कुरवाळत म्हणायचे, "वा! आज भारी दिलात, सुभेदार."

आमचे अण्णा काठी उचलायचे महिन्यातून एकदा. त्यांचा चेंडू भोक सोडून सगळीकडं जायचा. आबा हताश होऊन म्हणायचे, "आडतदार, हरिपुराचं हळदीचं भुईतलं पेव उघडं करून ठिवलं तरी तुमचा चेंडू कडंला बसून इचारंल, आत जाऊ का नगं?"

आबा स्वतः? ते सर्वांत वाईट खेळायचे. चेंडू चुकला की टेबलाला वळसा घालून पलीकडं जायचे, तिथून स्वतःला सणसणीत शेरा मारायचे आणि परत येऊन काठी खाली ठेवायचे. नियम म्हणजे नियम.

काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू विलायतेहून यायचा, तो लढाईत बंद झाला. आबांनी तिथंच पोत्यातली हळद कुटून वाटीत ठेवली. वकील म्हणाले, हळदीनं काठी घसरते. आबा म्हणाले, "जखमंला चालती, देवाला चालती, हिलाच काय धाड भरलीया?" काठी घसरायचीच. पण त्यामुळं शेऱ्यांना तोटा नव्हता. खेळून आलेल्या माणसाची बोटं पिवळी असायची. कोर्टात नाना वकील पिवळं बोट उगारून बोलू लागले की मागं लोक तोंडात रुमाल कोंबायचे.

आणि या सगळ्यात मी कुठं होते? खिडकीत.

वखारीची एक खिडकी आमच्या परसात उघडायची. मी तेव्हा दोन वेण्यांची, हडकुळी, मराठी सातवी झालेली आणि त्यामुळं स्वतःला फार शहाणी समजणारी शकू होते. आज ती पोरगी समोर आली तर मीच तिच्या पाठीत धपाटा घालीन. दुपारी सूप घेऊन खिडकीशी बसायचं आणि डाळ निवडतेय असं दाखवायचं, हा माझा उद्योग. आई म्हणायची, "अगं, त्या डाळीत आता खडा उरला नाही. डाळ तरी उरू दे."

पोरींनी वखारीत जायचं नाही, हा आईचा कायदा. मी घरातच खेळ मांडला. चुलीची फुंकणी ही काठी. लिंबं हे चेंडू. परसातलं उखळ हे भोक. लिंबू चुकलं की मीच कमरेवर हात ठेवून, ओठावर नसलेल्या मिशा पिळत स्वतःला शेरा मारायची. "शके, तू लिंबाला मारतीस का लिंबाची दृष्ट काढतीस?" मग मीच हसायची. पण आपणच आपल्याला शेरा मारण्यात काय आहे? आपणच आपली ओटी भरल्यासारखं. मला आबांचा शेरा हवा होता. खराखुरा. चारचौघांत. पोरीला शेरा म्हणजे तिला खेळणारी मानलं. आबा मला पाहिलं की म्हणायचे, "काय पोरी, जेवलीस का?" मला संताप यायचा.

खेळाच्या ओढीनंच मी खिडकीशी बसायची, असं मी सगळ्यांना सांगत आले. माझ्या नातींनासुद्धा तेच सांगितलंय. आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. खिडकीतून आबांचा म्हादूही दिसायचा.

म्हादू आबांचा एकुलता एक मुलगा. बापाची उंची, आईचे डोळे. खेळायला बापापेक्षा बरा, म्हणजे वाईटच. गावातले उत्तम शेरे त्याच्या वाट्याला यायचे.

"म्हाद्या, तुज्यापरीस आपली म्हस बरी. ती शेपटी मारती तवा निदान येक तरी माशी उठती."

"आबा, म्हस तुमच्याकडनं खेळाया शिकली न्हाई, म्हनून तिला जमतंय."

आबांना उलटं बोलायची परवानगी त्या अख्ख्या वखारीत म्हादूला एकट्याला होती. असं झालं की आबा काठीवर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे आणि म्हणायचे, "डाव उतरला! लावा पुढचा!" बाप-लेक एकमेकांशी दुसरं काही बोलायचेच नाहीत. शेतातलं, घरातलं, सगळं सोनाकाकूच्या मार्फत. प्रेमाचं सोडाच. जे काही द्यायचं-घ्यायचं ते टेबलावरून.

मग म्हादू फौजेत भरती झाला. आपल्याकडं त्यात नवल नव्हतं, एक आड एक घरातलं कुणीतरी गेलेलं होतं. पहिल्या रजेनंतर निघाला तेव्हा त्याची पलटण बर्म्याच्या बाजूला जाणार असं सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मिरजेला गाडी पकडायची, टांगा दारात उभा, सोनाकाकूच्या हातात दही-साखरेची वाटी. आणि आबा म्हणाले, "येक मारून जा."

म्हादूनं काठीला हळद लावली आणि मारला. चेंडू टेबलभर हिंडला. एका भोकाच्या ओठावर जाऊन थांबला. आत पडला नाही.

वखारीत सगळे कान टवकारून बसले. एवढा सोपा चेंडू चुकला, आणि निघायची वेळ. आज शेरा असा पडणार की वर्षभर पुरेल. आबांनी तोंड उघडलं. मिशा वर चढल्या. मग हळूहळू खाली आल्या, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"आल्यावर," ते म्हणाले.

"मंग डाव उतरला न्हाई माजा."

"न्हाईच उतरला. चालू ऱ्हाऊ दे."

घरून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आबांचं ते तसलं काहीतरी होतं. तेव्हा मला एवढं कुठलं कळायला! मी सूप घेऊन ठोंब्यासारखी बसले होते. म्हादू परसातून टांग्याकडं निघाला, माझ्याजवळ क्षणभर थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "शके, फुंकनीचं मागलं टोक जरा खाली धरत जा. उचलतीस, म्हनून लिंबं उडत्यात."

म्हणजे हा कुंपणावरून बघत होता! लिंबं, फुंकणी, मिशा पिळणं, सगळं! सुपातली निवडलेली डाळ सांडली. मी खाली बसून एकेक दाणा वेचत राहिले. टांगा गेल्याचं नुसतं ऐकू आलं.

बरेच महिने गेले. एका दुपारी डाव रंगात असताना तारवाला आला. आबांनी तार नाना वकिलांच्या हाती दिली. वकिलांनी ती दोनदा वाचली आणि मग एकच शब्द मोठ्यानं म्हटला. "बेपत्ता."

मेला नाही. जखमी नाही. बेपत्ता. आबांनी तार घडी करून टोपीत ठेवली. सगळे उठून निघून गेले, आणि काठ्या टेबलावर तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आबा आणि सोनाकाकू औंधाला यमाईच्या दर्शनाला गेले. परत आल्यावर आबांनी नेहमीच्या वेळी वखार उघडली, टेबल पुसलं, हळद कुटून ठेवली. लोक भीत भीत आले. नाना वकिलांनी काठी घेतली. नेहमीपेक्षाही घट्ट आवळली. चेंडू टेबलावरून उडाला, जमिनीवर पडला आणि घरंगळत पोत्यांच्या मागं गेला. असला फटका त्या वखारीत कुणी मारला नव्हता.

सगळे आबांच्या तोंडाकडं बघू लागले.

"छान मारलंत," आबा म्हणाले.

वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, आपल्याला वाळीत टाकलं.

त्या दिवसापासून आबा गोड बोलू लागले. जो चुकेल त्याला 'छान', जो फारच चुकेल त्याला 'लय छान'. लोक हवालदिल झाले. दस्तगीरमामू मुद्दाम काठी उलटी धरून खेळले. आबा म्हणाले, "झ्याक!" वकिलांनी डोळे मिटून मारून पाहिलं. "वा!" मामू बाहेर येऊन अण्णांना कळवळून म्हणाले, "आडतदार, एक डाव शिव्या द्यायला सांगा हो त्यांना. हे ऐकवत नाही." शेरा नाही म्हणजे डाव उतरेना. कुणाची पाळी संपली, कुणाची सुरू झाली, कशाचा कशाला मेळ राहिला नाही. मिठाशिवायची आमटी माणूस किती दिवस ओरपणार? एकेक करत लोक यायचे थांबले. लढाई संपली, खडू पुन्हा मिळू लागला, तरी वखारीत आबा एकटेच. टेबल पुसायचे, हळद कुटायचे, बसून राहायचे.

लोक म्हणू लागले, धक्क्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मला मात्र त्यात माझी संधी दिसली. बघा, कसली स्वार्थी पोरगी! एके दुपारी आई झोपलेली पाहून मी वखारीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आबा, मी खेळू?"

"खेळ की."

एवढंच! एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं डाळ निवडली होती.

कोपऱ्यातली म्हादूची काठी घेतली. हळद लावली. टेबलावर ओणवी झाले. आणि आनंदाच्या भरात नेमकं तेच विसरले. मागचं टोक उचललं. काठीचं टोक बनातीत घुसलं आणि 'टर्र' असा आवाज झाला. वीतभर फाडलं मी. चेंडू जागचा हललासुद्धा नाही.

त्या टेबलाच्या इतिहासात बनात कुणी फाडली नव्हती. मी मान खाली घातली. खरं सांगू? भीतीच्या खाली मी आनंदानं नाचत होते. आता शेरा! याच्यावर शेरा नाही तर कशावर! चोरून वर पाहिलं. आबांचे कान लालबुंद झाले होते. मिशा थरथरत होत्या. गळ्याची शीर फुगली. तोंड उघडलं. त्यांनी झटकन तांब्या उचलून तोंडाला लावला, सगळं पाणी घटाघटा प्यायले, तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"लय छान मारलास, पोरी," ते म्हणाले.

मी काठी टाकून रडत सुटले ती थेट सोनाकाकूच्या चुलीपाशी. "मी पोरगी म्हणून ते मला शेरा देत नाहीत! फाडलं मी टेबल! तरी छान म्हणतात!"

काकूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सुई, काळा दोरा आणि जुन्या हिरव्या खणाचा तुकडा घेऊन ती उठली. आम्ही वखारीत आलो तेव्हा आबा गेले होते. काकू टेबलावर ओणवी झाली आणि ठिगळ लावता लावता बोलू लागली.

"औंधाला गेलो तवा म्या यमाईम्होरं गूळ सोडला. पोरगं घरी येईस्तवर खायाचा न्हाई. ह्यास्नी म्हनलं, तुमी काय सोडताय? तमाखू सोडा. तर हे म्हनलं, तमाखू काय जिवाची हाय व्हय? आईम्होरं द्यायाचं तर जिवाचं द्याया पायजे. आन् शेरं सोडून आलं."

मी रडायची थांबले.

"आवं, म्हनलं, हे काय सोडायचं झालं? वांगं सोडा, गोड सोडा, लोकं काय काय सोडत्यात. तर हे म्हनलं, वांग्याबिगर मी कवाबी ऱ्हाईन." काकूनं दोरा दातांनी तोडला. "रातीला झोपंत ओठ हालत्यात त्येंचं. बसल्या जागी दिस जातो कसा, आमचं आमाला ठावं. आन् तू आज टेबल फाडून आलीस, बये. केवडं दुखवलंस त्येंना, बग."

त्या दिवशी मीही एक गोष्ट सोडली. कोणती ते सांगणार नाही. माझ्या घरच्यांना आजवर वाटतं, ती मला सोसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज वखारीत जाऊ लागले. आईनं आधी आरडाओरडा केला, मग अण्णा तिला काहीतरी बोलले आणि ती गप्प झाली. आता माझं उलटंच सुरू झालं. इतके दिवस शेरा मिळावा म्हणून जीव टाकत होते, आता आबांना शेऱ्याचा मोह होऊ नये म्हणून खेळायला लागले. काठीचं मागचं टोक खाली. अंगठा वर. श्वास रोखून. एखादा चेंडू भोकात पडला की आबा सुटल्यासारखा श्वास टाकायचे. चुकला की तांब्याकडं हात. पहिल्या पहिल्यांदा ते दिवसाकाठी एवढं पाणी प्यायचे की काकू घागर भरून वखारीतच ठेवायला लागली. पुढं पुढं तांब्या कमी लागू लागला. माझ्या खेळाचं कौतुक म्हणतात ते एवढंच.

कधी कधी चेंडू भोकाच्या ओठावर जाऊन थांबायचा. तेव्हा मात्र आबा तांब्यालाही हात लावायचे नाहीत.

माझं लग्न मेढ्याच्या एका घरी ठरलं. डोंगरातलं गाव, भाताची शेती, नवरा शाळेत शिक्षक. चांगला माणूस होता. जन्मभर चांगलाच राहिला. हळदीच्या आदल्या दिवशी मी शेवटची खेळायला गेले. आबांनी बनात पुसून ठेवली होती. ठिगळाला हात लावून बघितला, कुठं उसवलं तर नाही.

मी मारला. सोपा होता. नजर कुठं होती कोण जाणे, चेंडू हातभर लांबून गेला.

मी तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. 'छान'ही म्हणाले नाहीत.

"डाव उतरला न्हाई तुजा," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"म्हादू आला की पैला शेरा त्याचा. राखून ठिवलाय. दुसरा तुजा."

माझा विश्वास बसेना. "माझा? माझा आहे?"

"तू टेबल फाडलंस त्याच दिशी तयार केलाय. रोज जरा जरा घासतोय." आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या मिशा वर चढल्या. "आक्षी लखलखीत झालाय बग. वकिलाला बी असला कवा दिला न्हाई."

"आबा, कानात सांगा की. हळूच. कुणाला ऐकू जाणार नाही."

त्यांनी मान हलवली. "यमाईला जाईल."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळवा हळदीनं पिवळा झालेला होता. दुसऱ्या दिवशी बायका मला हळद लावायला आल्या, तर माझ्या भांगात ती आधीच लागलेली. आत्या ओरडली, "अगं बाई, ही कुणी लावली आधीच?" मी म्हटलं, धूळ असेल वखारीची.

म्हादू आला नाही. तो मेला असंही कुणी कधी कळवलं नाही. मी माहेरपणाला आले की काकूच्या चहाकडं बघायची. तिचा चहा बिनगुळाचाच असायचा. आबांकडं बघायची. आबा म्हणायचे, "काय पोरी, जेवलीस का?" आता राग येत नव्हता. आबा गेले तेव्हा मी मेढ्याला होते, दिवस भरत आलेले. कुणी पाठवेना. नंतर काकूनं सांगितलं, शेवटी वैद्यानं कडू काढा दिला, तर त्यालाही म्हणाले, "छान हाय." वैद्य खूश झाला. काकू आत जाऊन रडली.

टेबलाची बनात कसर लागून गेली. लाकूड कुणी नेलं ठाऊक नाही. खालच्या फरशीचा एक तुकडा काकूनं धुणं आपटायला परसात मांडून घेतला.

आता माझी नातवंडं अंगणात कॅरम खेळतात आणि सोंगटी चुकली की एकमेकांना काहीबाही बोलतात. सगळं पाणचट. मी पायरीवर बसून ऐकते, आणि मनातल्या मनात आबांचा तो राखून ठेवलेला शेरा शोधते. फाटलेली बनात, उचललेली काठी, दोन वेण्या, फुंकणी, लिंबं. यातून आबांनी काय काढलं असेल? मी कितीतरी करून पाहिले. 'पोरी, तू खेळाया आलीस का नांगराया?' छे. हा तर मामूंनासुद्धा पुरला नसता. भाकरी करपली, दूध उतू गेलं, सुनेशी बोलताना जीभ घसरली, की मी क्षणभर थांबून कान देते. वाटतं, आता येईल. मागून, मिशांमधून.

धाकटा नातू परवा म्हणाला, "आजी, तू आता म्हातारी झालीस. तुझे खेळायचे दिवस संपले."

मी म्हटलं, "बाळा, संपले कसे? आमच्या वखारीतला नियम तुला माहीत नाही. शेरा मिळाल्याशिवाय डाव उतरत नाही. मला अजून मिळालेला नाही. माझा डाव चालू आहे."

आणि म्हादूचाही.